गॅलेरिना: लाकडावर उगवणारे छोटे विषारी अळंबे कसे ओळखावे

गॅलेरिना मार्जिनाटा या अळंब्याची छत्री पूर्ण उमलल्यावर साधारण दीड ते चार सेंटिमीटर रुंद होते आणि तिचा रंग ओल्या गुळासारखा तपकिरी असतो. लक्ष वेधून घ्यावे असे तिच्यात काही नाही. मुलांच्या चित्रांतले लाल टोपीचे, पांढऱ्या ठिपक्यांचे अळंबे विषारी असते हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते या मातकट, गरीब दिसणाऱ्या अळंब्याबद्दल, कारण यकृत निकामी करणारे जे विष ‘डेथ कॅप’ नावाच्या कुप्रसिद्ध मोठ्या अळंब्यात असते, तेच याच्यातही असते. इंग्रजी बोलणारे लोक याला ‘डेडली गॅलेरिना’ किंवा ‘फ्युनरल बेल’ म्हणतात, जर्मनीत याचे नाव ‘गिफ्टहॉयब्लिंग’ आहे. मराठीत याला रूढ नाव नाही, कारण थंड हवेच्या प्रदेशांतली, विशेषतः सूचिपर्णी झाडांची जंगले हे त्याचे नेहमीचे घर आहे.

मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात राहते. ऑक्टोबरमध्ये इथे पावसाची झड लागली की जंगलात जाऊन अळंबी गोळा करण्याचा हंगाम सुरू होतो, आणि आता त्यात मराठी कुटुंबेही उत्साहाने उतरू लागली आहेत. त्यांच्यासोबत पुष्कळदा भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील किंवा सासूसासरे असतात आणि त्यांतल्या काहींना अळंब्यांची उत्तम जाण असते. कोकणात अळंबी, गोव्यात रोण ओलमी, विदर्भात सात्या गोळा करत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या ज्ञानाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. अडचण एवढीच आहे की ते ज्ञान त्या जागेशी बांधलेले आहे. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळाजवळ जी अळंबी उगवतात, ती वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीची फळे असतात; ती फक्त आफ्रिकेत आणि आशियात सापडतात. वारुळावरचे घ्यावे, बाकीचे सोडावे, हा नियम गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला असेल, पण ज्या जंगलात तसे वारूळच नाही तिथे तो काहीच सांगत नाही. आग्नेय आशियातून आलेल्या लोकांनी आपल्या ओळखीचे भाताच्या पेंढ्यावरचे अळंबे समजून कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात डेथ कॅप खाल्ल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, आणि त्यामागचे कारण हेच होते.

पुढे दिलेल्या खुणा गॅलेरिना ओळखून ती बाजूला ठेवण्यासाठी आहेत. त्या वाचून दुसरे कोणतेही अळंबे खाण्याजोगे ठरवता येणार नाही.

आधी जागा पाहावी

अळंबे हातात घेण्यापूर्वी ते कशावर उगवले आहे हे पाहावे. गॅलेरिना कुजणाऱ्या लाकडावर उगवते: पडलेले ओंडके, जुने बुंधे, बागेत पसरलेला लाकडाचा भुसा आणि ढलप्या. सूचिपर्णी लाकूड तिला अधिक मानवते, पण रुंद पानांच्या झाडांचे लाकूडही तिला चालते. ओंडका बराच जुना, बोटाने दाबला तर खचणारा आणि शेवाळाने झाकलेला असेल तर तिथे ती असण्याची शक्यता वाढते. ती कधी एकटी, कधी पाच-दहाच्या विरळ समूहात, तर कधी दाट झुबक्यात दिसते. मुख्य हंगाम शरद ऋतूचा असतो, परंतु वसंतातही ती उगवते, त्यामुळे महिना पाहून निश्चिंत होता येत नाही.

या खुणेत एक फसगत आहे आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. पायवाटेच्या कडेला हिरव्या शेवाळातून चार-पाच तपकिरी छत्र्या वर आलेल्या दिसल्या आणि त्या जमिनीतून उगवल्या आहेत असे मी धरून चालले. सोबतच्या अनुभवी बाईंनी काही न बोलता चाकूचे टोक शेवाळात खुपसले. दोन बोटांवर ते मऊ लाकडाला लागले. तो ओंडका पूर्णपणे जमिनीत मुरलेला होता आणि वरून त्याचा मागमूसही नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक लहान तपकिरी अळंब्याच्या बुडाशी बोट घालून खाली काय आहे ते चाचपून पाहते. हिरवळीत उगवलेल्या अळंब्याखालीही पुरलेले मूळ किंवा फळकुट असू शकते.

हात लावण्याची भीती बाळगू नये. हे विष कातडीतून शरीरात जात नाही; ते पोटात गेले तरच घात करते. मात्र काही जाणकार अळंब्याचा कण जिभेवर ठेवून थुंकून टाकतात, तसे नवख्या माणसाने कोणत्याही लहान तपकिरी अळंब्याच्या बाबतीत करू नये.

छत्री, पापुद्रे, देठ आणि वलय

छत्री कोवळी असताना घुमटासारखी असते आणि तिची कडा आत वळलेली असते. वय वाढले की ती सपाट होत जाते आणि मध्यभागी कधी बारीकसा उंचवटा राहतो. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर खवले नसतात, आणि पावसात तो किंचित बुळबुळीत लागतो. खरी खूण रंगापेक्षा रंगाच्या बदलात आहे. ही छत्री पाणी धरून ठेवते आणि ओली असताना गडद मधासारखी दिसते. त्या वेळी कडेजवळ आतल्या पापुद्र्यांच्या रेषा आरपार दिसल्यासारख्या उमटतात. सुकताना मात्र ती फिकट होऊन बिस्किटाच्या रंगावर येते, त्यामुळे अर्धवट सुकलेल्या छत्रीवर मधोमध एक रंग आणि कडेला दुसरा असे दोन रंग एकाच वेळी दिसतात. सकाळी पाहिलेला झुबका दुपारी ऊन पडल्यावर ओळखू न येण्याइतका बदललेला असतो. हा बदल दुसऱ्याही काही अळंब्यांत होतो, म्हणून एवढ्यावरून निर्णय करू नये.

छत्री उलटी केल्यावर तिच्या खाली देठापासून कडेपर्यंत गेलेले पातळ पापुद्रे दिसतात. ते दाट असतात, देठाला चिकटलेले असतात किंवा त्यावर किंचित खाली उतरलेले असतात. कोवळेपणी त्यांचा रंग फिकट पिवळसर असतो आणि बीजाणू पिकले की तो गंजासारखा होतो. देठ पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण दोन ते सात सेंटिमीटर उंच आणि आतून पोकळ असतो. वरच्या भागात फिकट, खाली बुडाकडे गडद तपकिरी किंवा काळपट. वलयाच्या खालच्या भागावर पांढुरके उभे तंतू असतात आणि बुडाशी पांढऱ्या बुरशीचा कापसासारखा थर पुष्कळदा सापडतो. चुरडल्यावर काही जणांना ओल्या कणकेसारखा वास येतो, पण तो दर वेळी येतोच असे नाही, आणि वासाबाबत दोन माणसांचे एकमत होणे दुर्मीळच.

आता वलयाविषयी, कारण सर्वाधिक चुका इथे होतात. कोवळ्या अळंब्यात छत्रीच्या कडेपासून देठापर्यंत एक पातळ पडदा असतो. छत्री उघडली की तो फाटतो आणि त्याचा उरलेला भाग देठाच्या वरच्या बाजूला लहानशा कड्यासारखा राहतो. हेच वलय. सुरुवातीला ते पांढरे असते आणि नंतर वरून बीजाणूंची भुकटी झडून त्याच्यावर गंजाच्या रंगाचा थर बसतो. पुस्तकातल्या चित्रात ते अगदी ठसठशीत दाखवलेले असते, आणि म्हणून माणूस मनाशी ठरवतो की वलय दिसले तर गॅलेरिना, नाही तर नाही. प्रत्यक्षात ते इतके नाजूक असते की दोन दिवसांच्या पावसात धुऊन जाते, गोगलगाय ते खाऊन टाकते किंवा उपटताना आपल्याच बोटांनी ते पुसले जाते. कित्येकदा त्याच्या जागी देठावर तपकिरी रंगाची एक पुसट रेघ तेवढी उरते, आणि कधी तीही नसते. वलय दिसले तर तो पुरावा धरावा. ते दिसले नाही तर त्यावरून काहीही सिद्ध झाले नाही असे समजावे. एकाच झुबक्यातले सर्वांत कोवळे अळंबे शोधून त्याचा पडदा अजून शाबूत आहे का हे पाहणे अधिक उपयोगी पडते.

जुन्या पुस्तकांत गॅलेरिना ऑटम्नॅलिस, गॅलेरिना युनिकलर, गॅलेरिना व्हेनेनाटा अशी वेगवेगळी नावे आणि त्यांतले बारीक फरक दिलेले आढळतील. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासात ही सारी एकाच जातीची रूपे असल्याचे दिसून आले. म्हणजे छत्री कोरडी की चिकट, वलय जाड की विरळ, हे फरक एकाच जातीत आढळतात.

बीजाणूंचा ठसा

ज्या एका चाचणीसाठी स्वयंपाकघरातल्या वस्तू पुरतात आणि जी सर्वांत जास्त माहिती देते, ती म्हणजे बीजाणूंचा ठसा घेणे. छत्रीपासून देठ अगदी जवळून कापून टाकावा. एक कागद घ्यावा, ज्याचा अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळा असेल. मी पांढऱ्या कागदाला काळ्या कागदाची पट्टी चिकटवते. छत्रीची पापुद्र्यांची बाजू खाली करून ती दोन्ही रंगांच्या मधोमध ठेवावी, छत्री सुकलेली असल्यास तिच्या माथ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा आणि वरून स्टीलची वाटी पालथी घालावी, म्हणजे वाऱ्याने भुकटी उडत नाही आणि ओल टिकते. काही तासांत ठसा पडू लागतो, परंतु रात्रभर ठेवणे चांगले. कागदाचा पांढरा भाग पुरेल असे वाटते, पण तेवढाच कागद घेतला तर पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही आणि ठसा पडलाच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ही वाटी आणि कागद मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत, आणि वाटी नंतर नेहमीसारखी साबणाने धुतली तरी चालते.

सकाळी वाटी आणि छत्री अलगद उचलली की कागदावर मध्यातून बाहेर गेलेल्या बारीक रेषांचे एक चक्र दिसते. गॅलेरिनाचे हे चक्र गंजलेल्या खिळ्याच्या किंवा दालचिनीच्या पुडीच्या रंगाचे असते. रंग नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा. पिवळ्या दिव्याखाली जांभळट तपकिरी आणि गंजासारखा तपकिरी यांत गफलत होते. जंगलातही हा ठसा आयता सापडू शकतो: झुबक्यात वरच्या छत्रीखाली दुसरी छत्री असेल तर खालचीवर ही भुकटी पडलेली असते आणि बोट फिरवले की बोटाला लागते.

ठसा गंजाच्या रंगाचा आणि अळंबे लाकडावरचे, एवढे जुळले तरी ते खाण्याचा विचार तिथेच सोडावा. पुढची निश्चिती सूक्ष्मदर्शकाखाली होते, जिथे गॅलेरिनाचे बीजाणू खडबडीत, बदामाच्या आकाराचे दिसतात. ते काम जाणकारांचे आहे.

कशाशी गल्लत होते

सर्वांत धोकादायक गल्लत होते ती कुनेरोमायसिस म्युटाबिलिस या अळंब्याशी. जर्मनीत ते ‘श्टॉकश्वेमशेन’ या नावाने खाल्ले जाते आणि सूपमध्ये त्याला मान आहे. तेही लाकडावर झुबक्याने उगवते, त्याचीही छत्री सुकताना दोन रंगांची होते, त्यालाही वलय असते आणि त्याचा ठसाही तपकिरीच पडतो. डोळ्यांना दिसणारा मुख्य फरक देठावर आहे: त्याच्या देठाला वलयाखाली बारीक, तपकिरी, बाहेर वळलेले खवले असतात, तर गॅलेरिनाच्या देठावर पांढुरके उभे तंतू असतात. पण पावसाने आणि हाताळण्याने हे खवलेही झडतात. म्हणून हे अळंबे खाद्य आहे हे खरे असूनही, नवख्याने ते गोळा करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका वाटी सुपासाठी घ्यावा असा हा धोका नाही.

‘हनी मशरूम’ म्हणून ओळखली जाणारी अळंबी सहसा आकाराने मोठी असतात, त्यांच्या छत्रीवर बारीक खवले असतात आणि ठसा पांढरा पडतो. दुकानात एनोकी नावाने पांढऱ्या काड्यांसारखी जी अळंबी मिळतात, त्यांची जंगलातली भावंडे नारिंगी-तपकिरी छत्रीची आणि मखमली काळसर देठाची असतात. त्यांना वलय नसते आणि त्यांचाही ठसा पांढरा असतो. कोवळ्या हनी मशरूमचे आणि गॅलेरिनाचे झुबके एकाच ओंडक्यावर हातभर अंतरावर असू शकतात. नशेसाठी सायलोसायबी शोधणारे लोकही याच कारणाने गॅलेरिनाच्या तावडीत सापडतात, कारण दोन्ही लाकडाच्या ढलप्यांवर शेजारी शेजारी उगवतात. सायलोसायबीचा ठसा जांभळट तपकिरी असतो, पण मूठभर अळंब्यांपैकी एकाचा ठसा घेतला तर बाकीच्यांविषयी काही कळत नाही.

म्हणून लाकडावरची अळंबी तोडताना झुबक्याने ओढू नयेत. प्रत्येक अळंबे बुडासकट स्वतंत्र काढावे, उलटे करून पाहावे आणि मगच टोपलीत ठेवावे. न ओळखलेली अळंबी वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून काही तासांत ओळखण्यापलीकडे जातात. गॅलेरिनाचे तुकडे खाण्याच्या अळंब्यांत मिसळले गेले असतील तर निवडत बसू नये, सगळी टोपली टाकून द्यावी.

चांदीचे नाणे काळे पडणे, सोबत शिजवलेला लसूण किंवा तांदूळ रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेले म्हणजे सुरक्षित असणे, या समजुतींपैकी एकही या विषाला लागू पडत नाही. उकळून, तळून, वाळवून किंवा फ्रीझरमध्ये ठेवूनही ते नष्ट होत नाही.

पोटात गेल्यास

या विषाला अमॅटॉक्सिन म्हणतात. पेशींमध्ये प्रथिने तयार करण्याच्या सूचना वाहून नेणारा जो आरएनए बनतो, त्याचे बनणेच हे विष बंद पाडते, आणि सर्वांत मोठा फटका यकृताला बसतो. यकृतातून ते पित्तावाटे आतड्यात उतरते आणि तिथून पुन्हा शोषले जाऊन यकृतात परतते, म्हणून उपचारात ही फेरी तोडण्याला महत्त्व असते.

लक्षणे लगेच दिसत नाहीत. खाल्ल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग जोराच्या उलट्या, पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. एखाद्या दिवसाने ते थांबतात आणि माणसाला बरे वाटू लागते. हा काळ फार फसवा असतो, कारण घरचे लोक याला अन्नातून झालेली साधी बाधा समजून सुटकेचा श्वास टाकतात, तर आत यकृताची हानी चालूच असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव आणि गुंगी दिसू लागते. अळंबी खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या सुरू झाल्या तर अमॅटॉक्सिनचाच संशय धरावा. उलट, लवकर उलट्या झाल्या म्हणून धोका टळला असेही नाही, कारण ताटात दोन प्रकारची अळंबी असू शकतात.

संशय आला की लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. अमेरिकेत विषबाधेसाठीचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. युरोपीय संघाच्या देशांत ११२ क्रमांकावर मदत मिळते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये. सोबत उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून न्यावीत, ती संपली असतील तर शिजवलेल्या भाजीचा उरलेला भाग किंवा कचऱ्यातले देठ न्यावेत, आणि ती कुठल्या लाकडावर सापडली, कोणी किती खाल्ली आणि किती वाजता खाल्ली हे लिहून न्यावे. ज्यांनी तीच भाजी खाल्ली पण ज्यांना अजून काही झालेले नाही, त्यांनाही सोबत न्यावे. डॉक्टर सक्रिय कोळसा, शिरेतून द्रव, सिलिबिनिनसारखी औषधे वापरतात, आणि यकृत पूर्ण निकामी झाल्यास प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

ओळख पटवून घेण्यासाठी वाट पाहायला वेळ असेल, म्हणजे अळंबे अजून टोपलीतच असेल, तर ते स्थानिक अळंबी मंडळाकडे न्यावे. सिअ‍ॅटलमध्ये १९६४ पासून असलेली प्युजेट साउंड मायकॉलॉजिकल सोसायटी हंगामात लोकांनी आणलेली अळंबी ओळखून देते, आणि जर्मनीत कवकशास्त्र संघटनेने प्रमाणित केलेले सल्लागार हेच काम करतात. तिथे नेताना अळंबे बुडासकट, शक्यतो कोवळे, मध्यम आणि पिकलेले अशा तीन वयांचे न्यावे. सोबत लाकडाची एक ढलपी आणि रात्री घेतलेला ठसा असला तर तपासणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते.